आतून तपासताना

आरोंद्याच्या बाईला कुणी सांगितलं की आतून तपासून घ्यायला हवं, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक सावंतवाडीला जाते, उपजिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात. दुसरी किरणपाणीच्या बाजूने तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात उतरते, आणि दुखणं मोठं असेल तर थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत पोचते. वाट कुठलीही धरली तरी त्या दिवसाची मजुरी बुडते, घरी म्हाताऱ्या माणसाजवळ कुणाला तरी बसवावं लागतं, सोबतीला जाऊबाई किंवा आशाताई शोधावी लागते. एवढं करून ती टेबलावर चढते आणि पाच मिनिटांत उतरते. त्या पाच मिनिटांत तिच्या पोटातलं नेमकं काय कळलं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ती मिनिटं नीट वापरली नाहीत तर बाई परत येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही.

ही पुस्तिका नवे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यासाठी आहे. विषय पाठ्यपुस्तकांत असतोच. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात आणि मुलं पायऱ्या धडाधड म्हणून दाखवतात. पण पाठ्यपुस्तकात पायऱ्या एका बाजूला असतात आणि "रुग्णाशी सौजन्याने वागावे" हे वाक्य दुसऱ्या बाजूला, शोभेपुरतं. मला या फारकतीशीच भांडायचं आहे. ओटीपोटाच्या तपासणीत सौजन्य हा तंत्राचाच भाग आहे. घाबरलेल्या बाईचे पोटाचे स्नायू आवळलेले असतात, मांड्या मिटलेल्या असतात, योनीभोवतीचे स्नायू घट्ट झालेले असतात. अशा वेळी बोटांना गर्भाशय लागत नाही, बीजकोशाची गाठ लागत नाही, आणि भीतीने होणारं दुखणं आजाराचं दुखणं म्हणून कागदावर लिहिलं जातं. म्हणजे घाईने आणि जोराने केलेली तपासणी वाईट वागणूक तर असतेच, शिवाय ती चुकीची माहितीही देते.

या देशात अशा तपासणीची गरज किती आहे, हे जगाला महाराष्ट्रातल्या एका अभ्यासाने दाखवलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास जानेवारी १९८९मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा किंवा लैंगिक संबंधांतून होणारा कोणता ना कोणता आजार होता आणि एकेका बाईला सरासरी ३.६ आजार होते. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच होत्या. त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कागदांना माहीत होतं. मला त्या अभ्यासात आकड्यांहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट: दोन गावांतल्या शेकडो बायका त्या टेबलावर यायला तयार झाल्या. बायका लाजतात म्हणून तपासणी होत नाही, हे आपल्या सोयीचं स्पष्टीकरण आहे.

आपल्याकडे दुखणं सांगण्याची रीत तयारच आहे. आरोंद्याची ग्रामदेवता सातेरी भद्रकाली. तिच्यासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा घरातल्या माणसांची नावं, काय बिघडलं, कधीपासून बिघडलं, काय हवं, हे सगळं क्रमाने बोललं जातं आणि मधे कुणी तोडत नाही. दवाखान्यात तीच बाई "ओटीत दुखता" एवढंच म्हणते आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत तिला टेबल दाखवलं जातं. तेव्हा पहिली पायरी ही: बाई कपडे घालून, खुर्चीवर, डॉक्टरांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसलेली असताना तिचं बोलणं ऐकून घ्यावं. पाळी कशी येते, मधेच रक्त दिसतं का, संबंधानंतर दिसतं का, पांढरं जातं त्याला वास आहे का, खाज आहे का, लघवी सुटते का, अंग बाहेर येतं का, बाळंतपणं किती, तांबी बसवलेली आहे का, पिशवीचं ऑपरेशन झालंय का. नवरा मुंबईला असेल आणि गणपतीला, शिमग्याला येत असेल तर संबंधांविषयी विचारावंच लागतं. पण ते तपास अधिकाऱ्याच्या सुरात विचारू नये, आणि सासू शेजारी बसलेली असताना तर अजिबात विचारू नये. सासूबाईंना बाहेर बसवणं ही कोकणातली स्वतंत्र कला आहे. "काकी, जरा भायर बसा, केसपेपर संभाळा" असं म्हणून मी ती साधत आले आहे. काकींना सगळं कळतं, तरी त्या उठतात.

हे ऐकून झालं की ठरवायचं: तपासणी करायची की नाही. हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही. काही दवाखान्यांत आतून तपासणी कुणाचीच होत नाही, सोनोग्राफीची चिठ्ठी दिली की काम झालं. काही ठिकाणी ती सरसकट सगळ्यांची होते. दोन्ही चूक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४मध्ये पुरावा तपासून सांगितलं की कसलीही तक्रार नसलेल्या, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीची केवळ वर्ष झालं म्हणून ओटीपोटाची तपासणी करू नये. त्रास आणि धास्ती दिसते, फायद्याचा पुरावा दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी त्यांनी यातून वगळली होती, हे विसरायचं नाही. म्हणजे तपासणीला कारण हवं आणि ते कारण बाईला तिच्या भाषेत सांगता यायला हवं. सांगता येत नसेल तर बहुधा कारणच नसतं.

काही वेळा मात्र हात लावणंच धोक्याचं. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईला रक्त जाऊ लागलं, तर वार कुठे आहे हे सोनोग्राफीत दिसल्याशिवाय बोटांनी आतून तपासायचं नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर त्या बोटाने असा रक्तस्राव सुरू होऊ शकतो की उपकेंद्रातून रुग्णवाहिका निघेपर्यंत बाई हाती लागत नाही. दिवस भरण्याआधी पाणी गेलं असेल तरी बोटं आत घालू नयेत. निर्जंतुक स्पेक्युलमने पाहावं आणि पुढे पाठवावं. कळा चालू असताना जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं अंतर साधारण चार तासांचं आहे. प्रत्येक पाळीच्या डॉक्टरने, मग शिकाऊ मुलाने, मग सिस्टरने पुन्हा बघण्यात बाळ लवकर येत नाही, जंतुसंसर्ग मात्र येतो. कधीच संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी टाळावी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने बहुतेक प्रश्न सुटतात. आणि बाई नको म्हणाली, तर नको.

संमती म्हणजे कागदावरचा अंगठा, अशी समजूत अजून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की निदानासाठीची संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही. तपासणीतही तेच तत्त्व खाली उतरतं: पोट तपासायला दिलेला होकार स्पेक्युलमचा होकार नाही, आणि स्पेक्युलमचा होकार दोन विद्यार्थ्यांनी बोटं घालून शिकण्याचा होकार नाही. भूल दिलेल्या बाईवर तिला न विचारता विद्यार्थ्यांनी तपासणी शिकण्याची प्रथा जगभरच्या शिकवणी रुग्णालयांत होती. आता अनेक ठिकाणी तिला कायद्याने आणि नियमांनी अटकाव झाला आहे. शिकायचं तर आधी प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर, मग विचारून, मग एकाच हाताने.

डॉक्टर पुरुष असो की स्त्री, खोलीत तिसरं माणूस स्त्री असावं. तिचं नाव बाईला सांगावं आणि केसपेपरवर लिहावं. ही सोबत बाईच्या डोक्याशी उभी राहते, पायांशी नाही. तिचा हात धरायचा की नाही हे बाईने ठरवायचं.

आता खोली. टेबलाचं पायाकडचं टोक दाराच्या समोर येऊ नये, एवढी एक गोष्ट सांभाळली तरी निम्मं काम होतं. दाराला आतून कडी, खिडकीला पडदा, अंगावर घ्यायला स्वच्छ चादर, पाय टेकायला पायरी. कपडे उतरवताना आपण पाठ फिरवावी किंवा बाहेर जावं. तपासणीआधी लघवी करून यायला सांगावं. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला मागे ढकलतं आणि नवशिक्याला ती बीजकोशाची गाठ वाटते. अशा "गाठी" लघवीला गेल्यावर नाहीशा होतात. तोवर नातेवाईक गोव्याला निघालेले असतात. ज्या केंद्रात बायकांचं शौचालय कुलूपबंद असतं तिथे ओटीपोटाची तपासणी नीट होऊच शकत नाही, हे तालुक्याच्या बैठकीत सांगायला कुणी धजत नाही.

बाई पाठीवर, गुडघे वाकवून, टाचा जवळ घेऊन झोपते. डोक्याखाली उशी दिली की पोट सैल पडतं आणि तिला आपला चेहरा दिसतो. सुरुवात पोटापासून, वरून खाली, सपाट आणि कोमट हाताने. ओटीपोटातून वर आलेली गाठ असेल तर तिच्या खालच्या कडेखाली हात जात नाही. वरून आलेल्या गाठीखाली जातो. हे पोटावरच कळतं, त्यासाठी आत शिरावं लागत नाही. मग चादर पोटापर्यंत दुमडून बाहेरचा भाग उजेडात पाहायचा: फोड, जखम, सूज, पांढुरके चट्टे, चामखीळ. म्हाताऱ्या बायकांच्या खाजेला बुरशीचं मलम देऊन देऊन वर्षं काढलेली असतात आणि कुणी एकदा नुसतं पाहिलेलंही नसतं. पांढुरकी, पातळ पडलेली त्वचा दिसली तर तो वेगळा आजार असतो आणि उपचारही वेगळा. मग खोकायला सांगावं. लघवीचा थेंब सुटतो का, भिंत खाली येते का ते पाहावं. दक्षिण कोकणात लावणीच्या दिवसांत वाकून काम, डोक्यावर मासळीची पाटी किंवा लाकडाचा भारा, आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. "आंग भायर येता" ही तक्रार बाई तिसऱ्या भेटीत सांगते. झोपवून पाहिलं की अंग आत गेलेलं असतं, म्हणून तिला कुशीवर वळवून किंवा उभं करूनही पाहावं लागतं. गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या ज्या शस्त्रक्रिया जगभर शिकवल्या जातात, त्यांतल्या दोन मुंबईच्या आहेत: डॉ. वि. ना. शिरोडकरांची आणि डॉ. पुरंदऱ्यांची. शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, १८९९चा जन्म. त्यांचा गर्भाशयमुखाचा टाका तर जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आरोंद्यातून बस धरली तर त्यांचं गाव मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण आपल्या तालुक्यातल्या बाईला त्यांच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेणारी पहिली पायरी म्हणजे "जरा खोक गो" एवढं साधं वाक्य.

स्पेक्युलम आधी, बोटं नंतर. उलट केलं तर नमुना बिघडतो आणि नाजूक भागातून रक्त येऊन दिसायचं ते दिसत नाही. साधन बाईला आधी दाखवावं, हवं तर हातात द्यावं. खडखडाट करणारं लोखंड अचानक येण्यापेक्षा पाहिलेलं बरं. ते कोमट पाण्यात बुडवून घ्यावं आणि आपल्या मनगटावर लावून पाहावं. बाळंतपण न झालेल्या बाईला आणि पाळी गेलेल्या बाईला लहान आकाराचं घ्यावं. हातात सापडलं ते मोठं साधन सगळ्यांना वापरणं हा आळस आहे. हात लावण्यापूर्वी सांगायचं: "आता बाहेरून हात लावते आहे." डाव्या हाताने ओठ अलगद बाजूला करायचे, पाती मिटलेली ठेवायची आणि साधन किंचित तिरपं धरून खाली, माकडहाडाच्या दिशेने सरकवायचं. वरच्या बाजूला लघवीची नळी आणि सगळ्यात दुखरा भाग असतो. तिथे दाब पडला की बाई टेबलावर वर सरकते आणि आपण तिला "सैल सोडा" म्हणून ओरडतो. सैल सोडा म्हटल्याने कुणी सैल झाल्याचं मी पाहिलेलं नाही. "लांब श्वास सोडा, कंबर टेबलाला टेकवा" म्हटलं की होतं. पाती सावकाश उघडायची. गर्भाशयमुख दिसलं नाही तर शोधायला साधन फिरवत बसायचं नाही. थोडं मागे घेऊन आणखी खाली झुकवायचं, किंवा बाईला कंबरेखाली स्वतःच्या मुठी ठेवायला सांगायचं.

दिसलं की घाई करू नये, नीट पाहावं. रंग, स्राव, स्पर्शाने रक्त येणारी वाढ, लोंबणारा मांसाचा कोंब, तांबीचा दोरा. तरुण बायकांच्या गर्भाशयमुखावर तोंडाभोवती लालसर भाग असतो, तो बहुतेकदा निरोगी असतो. त्याला "अल्सर आहे, पुढे कॅन्सर होईल" म्हणून पिशवी काढायला घाबरवणं हे महाराष्ट्रात उघड चाललेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात आला, सरकारने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोयता थांबला की दंड, पाळीत रजा नाही, मुकादमाची उचल फेडायची, अशी त्यामागची कारणं दवाखान्याबाहेरची आहेत, हे खरं. पण दवाखान्यातलं कारणही आहे: पांढरं जाण्यासारख्या, गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारीला नीट पाहून नाव दिलं जात नाही. गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिलं, स्राव तपासला, नवरा-बायको दोघांना औषध दिलं, एवढ्यावर मिटणारं प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

आणि जिथे खरोखर कर्करोगाची भीती आहे तिथे पाहायलाच कुणी जात नाही. सरकारचं धोरण ३० ते ६५ वयाच्या बाईची पाच वर्षांतून एकदा गर्भाशयमुखाची चाचणी करावी असं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ही चाचणी कधी ना कधी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. चाचणी सोपी आहे: पातळ केलेलं व्हिनेगरसारखं आम्ल कापसाने लावायचं, एक मिनिट थांबायचं, चांगल्या उजेडात पांढरा डाग उमटतो का पाहायचं. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही चाचणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झालेला दुसरा मोठा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी मृत्यू जवळपास निम्मे होतात, असं त्यात दिसलं. आता त्या चाचणीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. पण चाचणीत दोष निघाला की शेवटी कुणाला तरी स्पेक्युलम हातात घ्यावंच लागतं. या दोन्ही अभ्यासांची जमीन महाराष्ट्राची, बायका महाराष्ट्राच्या. फायदा जगाला झाला, आपल्या उपकेंद्रांत मात्र आम्लाची ती बाटली बहुतेक ठिकाणी बंदच असते.

स्पेक्युलम काढताना बहुतेकांचं लक्ष उडालेलं असतं आणि बाईला सगळ्यात जास्त दुखतं ते तेव्हाच. स्क्रू सोडवायचा, पण पाती लगेच मिटू द्यायची नाहीत. गर्भाशयमुख सुटेपर्यंत ती किंचित उघडी ठेवायची, नाहीतर मांस चिमटीत सापडतं. बाहेर येता येता भिंतीही पाहून घ्यायच्या.

मग दोन हातांची तपासणी. आधी एक बोट, बाईला सोसवलं तर दुसरं. दाब खालच्या बाजूला. अंगठा वरच्या नाजूक भागापासून लांब. गर्भाशयमुख नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, गरोदरपणात ओठासारखं मऊ. ते अलगद इकडून तिकडे हलवताना आपली नजर बाईच्या चेहऱ्यावर हवी. तिथे कळ उठली तर नळ्यांचा संसर्ग किंवा नळीत राहिलेला गर्भ मनात यावा. पाळी चुकलेली आणि चेहरा पांढरा पडलेला असेल तर तपासणी तिथेच थांबवून बाईला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं. मग डावा हात बेंबीखालून हळूहळू खाली आणायचा, आतली बोटं गर्भाशय वर उचलतात, आणि दोन्ही हातांच्या मधे आकार, दिशा, हालचाल, दुखरेपणा कळतो. बाजूंना बीजकोश. तरुण बारीक बाईत कधी लागतात, कधी नाही. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईत बीजकोश हाताला लागला तर तो साधा समजू नये, पुढे तपासावं. गुदमार्गातून तपासण्याची गरज थोड्यांनाच पडते, पण गर्भाशयामागची गाठ किंवा पसरलेला कर्करोग तिथूनच कळतो. ते करण्याआधी पुन्हा विचारावं, आणि हातमोजा बदलावा.

बोटांच्या याच तपासणीचा आपल्या न्यायालयीन वैद्यकशास्त्राने एक लाजिरवाणा वापर करून ठेवला. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या योनीत किती बोटं जातात यावरून तिला "सवय" आहे की नाही हे ठरवायचं आणि तसा दाखला न्यायालयात पाठवायचा. त्याला विज्ञानाचा काहीही आधार नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१०मध्ये यावर अहवाल लिहिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये लिल्लू खटल्यात ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग असल्याचं म्हटलं, २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी तिला मनाई केली. तरी ती चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. पोलीस ठाण्याच्या छापील अर्जात जुना रकाना अजून दिसला तर तो भरू नका. त्यावर आडवी रेघ मारून सही करा. कौमार्य तपासण्याची कुठलीही पद्धत अस्तित्वात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये सांगितलं आहे. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनाही तेच सांगा.

आपल्या हातातल्या साधनाचा पूर्वजही निष्पाप नाही. वाकवलेल्या पात्याचं जे स्पेक्युलम आपण अंग बाहेर येण्याच्या तपासणीत वापरतो, ते सिम्सच्या नावाचं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात जेम्स मॅरियन सिम्सने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांच्यातली तीन नावं टिकली. त्या तिघींना नको म्हणायची सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा एप्रिल २०१८मध्ये हलवला गेला. साधन चांगलं आहे, ते वापरावंच लागेल. पण ज्या शास्त्राचा जन्म असा झाला, त्यात "विचारून" हा शब्द वरवरचा राहू शकत नाही.

तपासणी संपली की बाईला पुसायला कापड द्यावं, उठायला हात द्यावा, आणि ती कपडे घालून पुन्हा खुर्चीवर बसल्यावरच निष्कर्ष सांगावा. उघड्या पायांनी पडलेल्या माणसाला काहीही ऐकू येत नसतं. काय दिसलं, काय नाही दिसलं, पुढे काय, आणि नवऱ्याला काय सांगायचं ते तिला विचारून ठरवावं. वापरलेलं साधन ०.५ टक्के क्लोरिनच्या पाण्यात दहा मिनिटं, मग साबणाने घासून, मग ऑटोक्लेव्हमध्ये. नुसतं डेटॉलच्या तबकडीत बुडवून पुढच्या बाईला वापरणं हा गुन्हा समजावा. कागदावर संमती, सोबतीच्या स्त्रीचं नाव, दिसलेल्या गोष्टी आणि न केलेल्या गोष्टीही लिहाव्यात. तपासणी बाईने नाकारली असेल तर तसं लिहावं, "असहकार्य" लिहू नये.

पुढच्या प्रकरणांत चित्रं आहेत, आणि पाळी गेलेल्या, अपंग, अत्याचार सोसलेल्या आणि योनीचे स्नायू आवळले जाणाऱ्या बायकांसाठी वेगवेगळ्या सूचना आहेत. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. मात्र तुमच्या उपकेंद्रात तपासणीच्या टेबलासमोर पडदा नसेल, तर पहिलं प्रकरण उघडण्याआधी तो लावून घ्या. ग्रामपंचायतीकडे मागा, आशाताईंना सांगा, नाहीच जमलं तर घरची जुनी चादर बांधा.